मामा-भाच्याचा डबल्स

भाच्याला आपला पाय लागू देऊ नये, भाच्याला टाकून बोलू नये, भाच्याकडून पाया पडून घेऊ नये, उलट आपणच त्याच्या पाया पडावं. गोंदियाकडच्या झाडीपट्टीत हे सगळं पाळतात आणि पाळायला कोणाची ना नसते. भाचा सणासुदीला येतो, पाटावर बसतो, जेवतो, धोतरजोडी घेतो आणि आपल्या गावी जातो. दोन दिवसांचा देव कोणालाही झेपतो. पण ज्या कोणी हा रिवाज घालून दिला त्यानं भाच्याला जोडीला घेऊन कधी टेनिस खेळून पाहिलं नव्हतं, असं पतिराम मार्करचं ठाम मत होतं. ते मत बनायला त्याला दहा दिवस पुरले.

पतिराम गोंदियात साहेबांच्या क्लबात मार्कर होता. रेल्वे लाइनीच्या पलीकडे, धानाच्या गिरणीला लागून तो क्लब होता. मार्कर म्हणजे काय, तर सकाळी उठून कोर्टावर विहिरीचं पाणी मारायचं, दगडी रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या, जाळी बांधायची, साहेब खेळायला लागले की त्यांचे चेंडू वेचायचे. आणि एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर स्वतः बॅट घेऊन त्याच्याशी खेळायचं. खेळायचं म्हणजे हरायचं. तेही बेतानं. सहा-शून्यनं हरलं तर साहेब म्हणे, तुझं लक्ष नाही. जिंकलं तर बोलायलाच नको. सहा-चारनं हरलं की साहेबाच्या कपाळावर घाम येई, तोंडावर हसू येई आणि पतिरामची नोकरी टिके. बावीस वर्षं पतिराम रोज संध्याकाळी सहा-चारनं हरत आला होता आणि या कामात त्याचा हात धरणारा उभ्या मध्य प्रांतात कोणी नव्हता.

क्लबाच्या हॉलमध्ये एक सागवानी फळा होता. दरसालच्या सामन्यांत जिंकलेल्या साहेबांची नावं त्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलेली असत. पतिराम तो फळा रोज ओल्या फडक्यानं पुसायचा. इंग्रजी त्याला येत नव्हतं. मराठी दुसऱ्या बुकापर्यंत झालं होतं, तेही एकेक अक्षर हाताशी धरून वाचावं लागे. पण फळ्यावरची कोणती ओळ कोणत्या साहेबाची हे त्याला पाठ होतं. चोवीस सालच्या ओळीतल्या साहेबाला बॅट कुठून धरायची ते पतिरामनं शिकवलं होतं. एकोणतीसच्या ओळीतला साहेब तर सर्व्हिस करताना डोळे मिटून घ्यायचा. ते त्याचे डोळे उघडेपर्यंत एक पावसाळा गेला होता. अशी निम्मी अधिक नावं पतिरामच्या हातून घडलेली, आणि पतिरामच्या वाट्याला फक्त फडकं. याचा त्याला राग येई. पण तो राग कोणावर काढावा हे कळत नसल्यामुळे तो फळाच जरा जोरात पुसायचा.

छत्तीस सालच्या हिवाळ्यात टर्नबुल साहेब नवे सेक्रेटरी म्हणून आले. त्यांच्या डोक्यात एक कल्पना होती. साहेब लोक तर दरवर्षी खेळतात, या वेळी पगारी मार्करांचा डबल्सचा सामना भरवायचा. नागपूर, रायपूर, जबलपूर, बालाघाट अशा आठ ठिकाणच्या क्लबांनी आपापल्या मार्करांची जोडी पाठवायची. गोंदियाला चहूकडून गाड्या येतात, म्हणून सामना गोंदियात. क्लबाचे कारकून गुलाबचंदबाबू यांनी ही बातमी पतिरामला सांगितली आणि जाता जाता म्हणाले, "जो जीतेगा उसका नाम बोर्ड पर चढ़ेगा. साहब बोले हैं."

पतिराम त्या दिवशी चुन्याची रेघ वाकडी आखून बसला.

घरी गेल्यावर त्यानं बायकोला, शामकलाला सांगितलं, "फळ्यावर नाव लिहून राहिले म्हणते."

"इंग्रजीत लिहितीन," शामकला तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "तुमाले कोठून वाचता येईन?"

"माझं नाव राहील त वाचता येईन."

शामकलानं सूप खाली ठेवलं. माणूस बावीस वर्षांत पहिल्यांदा काही मागत होता, आणि तेही तिच्याकडे मागत नव्हता. तिनं त्याला दोन भाकरी जास्त वाढल्या.

आता डबल्स म्हटलं की जोडीदार आला. गोंदियाच्या क्लबात मार्कर दोनच. एक पतिराम आणि दुसरा जागेश्वर. हा जागेश्वर म्हणजे पतिरामच्या मोठ्या बहिणीचा, केशोरीच्या देवकाबाईचा मुलगा. आधी तो रेल्वेच्या यार्डात मालगाडीच्या डब्यांवर आकडे रंगवायचा. हात फार सुरेख होता त्याचा. बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यानं रंगवलेल्या होत्या आणि प्रत्येक पाटीच्या खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेंटरचं नाव असायचंच. पण यार्डातल्या उन्हाला तो कंटाळला. देवकाबाईनं भावाला निरोप धाडला, आणि बहिणीचा निरोप, त्यात भाच्याचं काम, म्हणजे नाही म्हणायची सोयच नव्हती. पतिरामनं गुलाबचंदबाबूंच्या हातापाया पडून जागेश्वरला क्लबात चिकटवला. त्याला दोन वर्षं झाली होती. चोवीस वर्षांचा उंचापुरा गडी, हात गुडघ्यापर्यंत पोचणारे, आणि स्वभाव असा की अंगावर भिंत पडली तरी आधी विचारेल, कोणी रंगवली होती.

एरवी दोघांचं बरं चाललं होतं. पतिराम रोज सकाळी क्लबात पोचला की पहिल्यांदा भाच्याच्या पाया पडायचा आणि मग स्वतःच रूळ ओढायचा, कारण भाच्याला रूळ ओढ म्हणून कसं सांगणार. जागेश्वर भला होता, तोही मागून हात लावायचा. पण सांगितलं असतं तर पुढून लावला असता.

सामन्याला दहा दिवस उरले तेव्हा सरावाला सुरुवात झाली आणि पतिरामच्या डोक्याला ताप झाला.

डबल्समध्ये एकजण मागून सर्व्हिस करतो आणि त्याचा जोडीदार पुढे जाळीपाशी त्याच्याकडे पाठ करून उभा असतो. पतिरामची सर्व्हिस जबर होती. साहेबांशी खेळताना ती त्यानं कधी काढली नव्हती, पण दुपारी कोर्ट रिकामं असताना तो एकटाच मारून पाहायचा आणि चेंडू पलीकडच्या बांबूच्या तट्ट्यात रुतून बसायचा. ती सर्व्हिस मधल्या रेघेवरून जाई. आणि जागेश्वरला जाळीपाशी उभं केलं की तो सरकत सरकत नेमका त्या मधल्या रेघेकडे यायचा. तिथं उन्हाची तिरीप नव्हती म्हणे.

"भाचेबाबू," पतिराम म्हणायचा, "जरासे तिकडं उभे राहाल का?"

"राहतो ना मामाजी." जागेश्वर एक पाऊल सरकायचा, आणि दुसऱ्या चेंडूला पुन्हा तिथंच.

आता चेंडू जर त्याच्या टाळक्यात बसला, तर? भाच्यावर हात उगारणंसुद्धा पाप. बावीस वर्षांत जमवलेलं सगळं बळ लावून त्याच्या डोक्यात चेंडू हाणणं कोणत्या नरकात बसत असेल याचा पतिरामला अंदाज नव्हता. म्हणून तो सर्व्हिस अशी हळू करायचा की चेंडू जाळीवरून जाताना विसावा घेतो की काय असं वाटावं.

दुसरी भानगड मधल्या चेंडूची. दोघांच्या बरोबर मध्ये आलेला चेंडू कोणी घ्यायचा? जगात सगळीकडे जोडीदार ओरडतात, माझा, सोड, हो बाजूला. पतिरामच्या तोंडून भाच्याला "सोड" निघेना. ताटातला पहिला घास भाच्याचा, तसा मधला चेंडूही भाच्याचा, असं त्याच्या हाडात मुरलेलं. तो थांबायचा. तिकडे जागेश्वरला आईनं लहानपणापासून शिकवलेलं की मोठ्यांच्या आधी हात पुढे करायचा नाही. तोही थांबायचा. चेंडू दोघांच्या मधून निवांत निघून जायचा, आणि मामा-भाचे एकमेकांकडे अदबीनं पाहत उभे राहायचे. आणि जो चेंडू स्वच्छ पतिरामचा, डोळे मिटून मारावा असा, त्यावर मात्र जागेश्वर लांबून धावत यायचा. मामाला त्रास नको म्हणून.

पतिरामच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तोंडात शिव्या येऊन दातांपाशी थांबायच्या. मग तो विहिरीवर जाऊन तोंड धुवायचा, परत यायचा आणि म्हणायचा, "बेस झालं भाचेबाबू. फक्त पुढच्या बारीनं तेवढा चेंडू मले ठेवा."

"तुमी काऊन धावता मामाजी या वयात? मी आहो ना."

पतिराम चव्वेचाळीसचा होता. तो पुन्हा विहिरीवर गेला.

"सरळ सांगाव ना त्याले," शामकला म्हणाली. "पहिले पाया पडा, अन् मंग सांगा."

"पाया पडून शिव्या देऊ काय?"

"मी शिव्या द्या कोठं म्हणाली. सांगा म्हणाली."

पण पतिरामला शिव्याच द्यायच्या होत्या. निव्वळ सांगून आता भागणार नव्हतं.

डिसेंबरात जोड्या आल्या. पतिराम आणि जागेश्वरनं पहिले दोन सामने कसेबसे काढले, ते भाच्याच्या लांब हातांमुळे आणि मामाच्या कोर्टामुळे. त्या कोर्टावर बावीस वर्षं रूळ पतिरामनंच फिरवलेला. कुठे चेंडू बसका पडतो, कुठे अंगावर उसळतो, हे त्याला घरच्या अंगणासारखं ठाऊक. बालाघाटच्या जोडीला तर त्यानं सगळा वेळ एकाच खड्ड्यात खेळवलं.

अंतिम सामना रायपूरच्या जोडीशी होता. ते दोघे सख्खे भाऊ. सामना सुरू झाल्यापासून त्यांचं तोंड बंद नव्हतं. धाकटा चुकला की थोरला त्याला कोर्टभर शिव्या घालायचा, थोरला चुकला की धाकटा जाळीपासून वळून त्याचा उद्धार करायचा. छत्तीसगढीतल्या त्या शिव्या ऐकून भिंतीवर चढून बसलेले बिडी कारखान्याचे मजूर पोट धरून हसत होते. आणि प्रत्येक शिवीनंतर त्यांचा पुढचा चेंडू अचूक पडत होता. पतिराम त्यांच्याकडे बघत राहिला. जेवणाऱ्यांकडे उपाशी माणूस बघतो, तसा. केवढं सुख ते. चुकला की म्हणायचं, चुकलास.

वरून देवकाबाई आली होती. मुलगा साहेबांसमोर खेळणार म्हणून केशोरीहून बैलांच्या खासरात बसून, वाटेत एक मुक्काम करून ती आली, आणि तट्ट्याच्या बाजूला शामकलाजवळ चटई टाकून बसली. म्हणजे आता नुसता भाचा नव्हता, भाच्याची आईही होती.

पहिला सेट पतिरामच्या जोडीनं चार-सहा घालवला. त्यात जागेश्वरचा दोष नव्हता. चार गेम झाले की पतिरामचा हात आपोआप सैल पडायचा. सवय, दुसरं काय. दुसऱ्या सेटला त्यानं जीभ चावून धरली आणि तो सहा-तीननं काढला. तिसऱ्यात ओढाताण होत होत पाच-चार झाले. पुढे पतिरामची जोडी होती आणि सर्व्हिस पतिरामची. हा एक गेम घेतला की फळा.

टर्नबुल साहेब उंच खुर्चीवर बसून गुण सांगत होते. पतिरामनं चेंडू हातात घेतला आणि हळू सर्व्हिस केली. रायपूरच्या थोरल्यानं ती अशी मारली की जागेश्वर ती फक्त जाताना बघू शकला. पुन्हा हळू, पुन्हा तेच. मग एक चेंडू पतिरामनं धावून धावून काढला, एक त्या भावांनी आपसातल्या भांडणात घालवला. बरोबरी झाली. मग एक पॉइंट इकडे आला. आता एकच हवा होता.

जागेश्वर जाळीपासून मागे वळला आणि जवळ आला.

"मामाजी, कायले हळू मारून राहिले? ते दुपारी मारता ना, तशी मारा."

"तुमी मधात उभे राहता, भाचेबाबू."

"मी वाकतो ना."

"वाका मंग. पक्के वाका."

पतिरामनं चेंडू वर फेकला. बावीस वर्षांत साहेबांसमोर जे बळ कधी बाहेर काढलं नव्हतं, ते सगळं त्या चेंडूमागे लावलं. जागेश्वर वाकला होता, खरोखर वाकला होता. पण चेंडू आला का नाही, हे बघायला नेमक्या वेळी त्यानं मान वर केली.

चेंडू त्याच्या टाळक्यात बसल्याचा आवाज भिंतीपलीकडे ऐकू गेला. जागेश्वर गुडघ्यावर बसला. तट्ट्यापाशी देवकाबाई उभी राहिली. टर्नबुल साहेब म्हणाले, "फॉल्ट."

पतिरामनं बॅट खाली ठेवली. सगळं कोर्ट चालून तो जाळीपाशी गेला आणि सगळ्या साहेबांदेखत त्यानं जागेश्वरच्या पायांवर डोकं ठेवलं. साहेबांना वाटलं, मार्कर घेरी येऊन पडला. त्यांनी गुलाबचंदबाबूंना विचारलं. बाबूंनी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण नात्याला हात घालेपर्यंतच त्यांचं इंग्रजी संपलं.

"काई नाई झालं मामाजी," जागेश्वर डोकं चोळत म्हणाला. "बेस लागली. अशीच मारा."

दुसरी सर्व्हिस उरली होती. ही चुकली तर पॉइंट गेला. पतिरामनं ती हळू केली. रायपूरच्या धाकट्यानं चेंडू उंच उडवला. तो वर गेला, गिरणीच्या धुराड्याच्याही वर गेल्यासारखा दिसला, आणि खाली येऊ लागला तो बरोबर दोघांच्या मध्ये.

जागेश्वर मागे धावत येत होता. पतिराम पुढे धावत होता. चेंडूखाली दोघे पोचले आणि दोघेही थांबले. पतिरामनं पाहिलं, भाचा अदबीनं त्याच्याकडे बघतो आहे. त्यानं पाहिलं, आपलाही हात खाली आहे. चेंडू येत होता. दहा दिवस दातांपाशी अडकून राहिलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"सोड बे गाढवा, हट!"

जागेश्वर भुईसपाट पडला. पतिरामनं त्याला ओलांडून उडी मारली आणि चेंडू असा हाणला की तो रायपूरच्या दोघा भावांच्या मधून जाऊन तट्ट्यात रुतला. टर्नबुल साहेबांनी सामना संपल्याचं सांगितलं. भिंतीवरच्या मजुरांनी गिल्ला केला. पतिराम मात्र जागच्या जागी उभा राहून तट्ट्याकडे बघत होता. चेंडू जिथं रुतला तिथून हातभर अंतरावर देवकाबाई उभी होती, आणि तिचा चेहरा बघवत नव्हता.

"पतिराम," ती म्हणाली, "भाच्याले मारलास, ओलांडलास, अन् गाढव म्हणालास."

"बाई, चेंडू येत होता."

"चेंडू रोज येते. शंभर लोकांदेखत बोललास, आता शंभर लोकांदेखत पाय धू."

मग क्लबाच्या विहिरीवर जागेश्वरला खुर्चीवर बसवण्यात आलं. पतिरामनं परातीत त्याचे पाय धुतले, कपाळाला कुंकू लावलं, शामकलानं धावत जाऊन आणलेलं धोतर आणि नारळ त्याच्या हातात दिला. रायपूरचे दोघे भाऊ घाम पुसत बघायला आले. हा भाचा आहे हे कळल्यावर त्यांचे चेहरे पडले. त्यांच्याकडेही भाच्याला असंच मानतात. दोघांनी वाकून जागेश्वरचे पाय शिवले. थोरला पतिरामला कुरकुरत म्हणाला, "पहिली बताना रहिस भइया. हमन ओकर डहर गेंद नइ मारतेन."

म्हणजे आधी सांगितलं असतं तर ते जागेश्वरच्या दिशेला चेंडूच मारणार नव्हते. पतिरामनं कपाळावर हात मारला. दहा दिवसांत ही एक गोष्ट त्याला सुचली नव्हती.

पण त्याला त्याचं फार काही वाटलं नाही. पाप झालं, फिटलं. आता फळ्यावर नाव येणार होतं.

चार दिवसांनी गुलाबचंदबाबूंनी जागेश्वरला बोलावलं. फळा रंगवायला नागपूरहून पेंटर आणायचा खर्च साहेबांना नको होता, आणि जागेश्वरचा हात बाबूंना ठाऊक होता. बाबूंनी त्याला काय लिहायचं त्याची चिठ्ठी दिली. जागेश्वर यार्डात असताना इंग्रजी अक्षरं लावायला शिकला होता. त्यानं ती चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि रूळ ओढत असलेल्या मामाकडे गेला.

"मामाजी, हे त टर्नबुल साहेबाचं नाव आहे."

"वर राहील. खाली आपलं."

"खाली काई नाई. साल, सामना, अन् डब्ल्यू. टी. टर्नबुल."

पतिराम रूळ सोडून गुलाबचंदबाबूंकडे गेला. बाबू कागदातून मान वर न काढता म्हणाले, "जोडी क्लबानं उतरवली, क्लबाचे सेक्रेटरी साहेब. शर्यतीत घोडा जिंकतो तर कप कोणाच्या घरी जातो, पतिराम? मला काय विचारतोस. साहब ने जो लिखा, वो लिखा." बोलून झाल्यावर त्यांनी मान वर केली, पतिरामचं तोंड पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

पतिराम घरी गेला आणि जेवला नाही. भाच्याच्या डोक्यात चेंडू घातला, भाच्याला ओलांडलं, गाढव म्हटलं, सगळं गाव जमवून पाय धुतले, ते टर्नबुल साहेबाचं नाव फळ्यावर यावं म्हणून. त्याला रडू आलं. रडू आल्याचा राग आला. शामकला ताट झाकून शेजारी बसली.

सोमवारी सकाळी तो क्लबात गेला तेव्हा फळा जागेवर टांगलेला होता. नवीन ओळ पांढरीशुभ्र चकाकत होती. पतिरामनं फडकं भिजवलं. वरून खाली पुसत आला. नवी ओळ त्यानं पुसली नाही, तशीच धुळीत राहू दे म्हणाला. आणि अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात आल्यावर त्याचा हात थांबला.

तिथं मराठीत, मुगाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत, काहीतरी लिहिलेलं होतं. पतिरामनं एकेक अक्षर हाताशी धरलं. पेंटर. मग प. मग ति. मग त्याला पुढचं वाचायची गरज पडली नाही, तरी त्यानं शेवटपर्यंत वाचलं.

जागेश्वर दारात उभा होता.

"हे काय करून ठेवलात, भाचेबाबू? मी काय पेंटर आहो?"

"त्या जागी कोणी पाहत नाई, मामाजी. पेंटरची जागा आहे, ते पेंटरचीच राहते."

"अन् कोणी पाहिलं त?"

"तुमीच त मले गाढव म्हणाले. गाढवानं केलन, म्हणा."

पतिरामला त्याला दोन शब्द सुनवायचे होते. पण काल-परवाच पाय धुतले होते. त्यानं वाकून भाच्याचे पाय शिवले आणि फडकं पिळायला विहिरीवर गेला. त्या दिवशी तो विहिरीवरून बराच वेळ परत आला नाही.

कोणी पाहत नाही म्हणतात, पण आठच दिवसांत टर्नबुल साहेबांनी पाहिलं. स्वतःच्या नावाचं अक्षर सुरेख आलं म्हणून ते फळ्यापुढे रोज उभे राहत. त्यांनी कोपऱ्यातल्या अक्षरांवर बोट ठेवून गुलाबचंदबाबूंना विचारलं, हे काय लिहिलंय. काम कोणाला दिलं होतं ते बाबूंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी वाकून पाहिलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "पेंटर पतिराम, सर." लिहिलंय ते वाचून दाखवणं एवढंच आपलं काम, असं ते पुढे म्हणत.

साहेब खूश झाले. आल्यापासून त्या माणसाला ते नुसतं मार्कर म्हणून हाक मारत होते, त्याला नाव आहे हे त्यांना आजच कळलं. त्यांनी पतिरामला बोलावून घेतलं.

"पटिराम. टुम पेंटर है?"

पतिरामनं बाबूंकडे पाहिलं. बाबू खिडकीबाहेर बघत होते. नाही म्हणावं, तर साहेब विचारणार, मग हे नाव इथं कसं, आणि उद्या सकाळी कोपरा खरवडून काढणार.

"हाव साहेब," पतिराम म्हणाला.

"गुड. बाग का सब बेंच हरा करो."

क्लबाच्या बागेत बावीस बाक होते. पतिरामला ब्रश धरायचा माहीत नव्हता. पहिल्या बाकावर बसलेल्या मडमेचा झगा हिरवा झाला, त्याबद्दल त्याला बोलणी खावी लागली. मग बाक झाले, फाटक झालं, साहेबांच्या बंगल्याची खिडक्या-दारं झाली. साहेब बदलून गेले, पण जाताना नव्या साहेबाला सांगून गेले की पतिराम पेंटर आहे. दर हिवाळ्यात बाक हिरवे, दर उन्हाळ्यात फाटक पांढरं. जागेश्वर मदतीला यायचा, पण भाच्याला डबा धर म्हणून सांगणं पतिरामला जमायचं नाही. तो बाजूला बसून नुसता सांगायचा, "मामाजी, ब्रश आडवा कायले फिरवून राहिले?" आणि पतिराम दातओठ खात ब्रश उभा धरायचा.

सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात शेवटचा साहेब गाडीत बसून गेला तेव्हा पतिरामचा कोट कोपरापर्यंत हिरवा होता. फळा तिथंच भिंतीवर राहिला. रोज सकाळी तो पुसला जाई, खालच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून. छत्तीसच्या ओळीवर बोटभर धूळ साचली होती. अकरा वर्षं पतिरामनं त्या भाच्याच्या नावानं बोटं मोडली, शामकलाजवळ मोडली, विहिरीजवळ मोडली, हिरव्या रंगाच्या डब्यात तोंड घालून मोडली. पण आपण पेंटर नाही, हे मात्र तो अकरा वर्षांत क्लबातल्या कोणालाही बोलला नाही.